कार्पेट काढलं आणि खाली हार्डवुड निघालं

घर घेतलं तेव्हा एजंट बाई म्हणाल्या होत्या, कार्पेटखाली बहुतेक हार्डवुड असणार, १९५८ चं घर आहे. त्या "बहुतेक"वर आम्ही तीन वर्षं काढली. कार्पेट घातलं तेव्हा ते बेज असावं, आमच्याकडे आलं तोपर्यंत त्याला उरलेल्या चहाचा रंग आला होता, आणि पावसाळी हवा पडली की आधीच्या मालकांच्या कुत्र्याचा वास यायचा, आम्ही कधी न पाहिलेल्या कुत्र्याचा. २०२४ च्या जूनमध्ये एका शुक्रवारी दुपारी मला काय वाटलं कुणास ठाऊक, क्लॉझेटच्या कोपऱ्यात पक्कड घालून कार्पेट उचकटलं, खाली फोमचा थर चुरा होऊन निघाला, आणि त्याखाली फळ्या. नवऱ्याला हाक मारली तर तो मीटिंगमध्ये, आई-बाबा मात्र आले धावत. दोघं मेपासून आमच्याकडेच होते.

बाबांनी गुडघ्यावर बसून नखाने फळी खरवडली आणि निकाल दिला, "सागवान नाही."

"नाही बाबा, ओक आहे. रेड ओक."

"आपल्याकडे काय म्हणतात याला?"

आपल्याकडे होतच नाही तर म्हणणार काय. हिमालयात ओक होतो, तिकडे त्याला बांज म्हणतात, एवढं मी फोनवर बघून सांगितलं. ओक ट्री रोडवर दर शनिवारी भाजी आणायला जाणाऱ्या आमच्यापैकी कुणाला ओक म्हणजे नक्की काय हे तोवर माहीत नव्हतं हेही खरं. (न्यू जर्सीतला देशी दुकानांचा रस्ता, तिथल्यांना कळेल.)

दोन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. हॉल, पॅसेज आणि एक बेडरूम मिळून साधारण ५६० स्क्वेअर फूट, एकाने ३१०० डॉलर सांगितले, दुसऱ्याने ३६००, आणि दोघांचीही तारीख ऑक्टोबरची. गणपती ७ सप्टेंबरला. म्हणजे त्या कार्पेटवर अजून एक गणपती. नवरा म्हणाला आपणच करू, यूट्यूबवर सगळं आहे. बाबा म्हणाले त्यात काय एवढं, नाशिकच्या घरातलं सगळं फर्निचर मीच पॉलिश करायचो. हे खरंय, बाबा बँकेत होते पण दर चार-पाच वर्षांनी दिवाळीच्या आधी बरणीत चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत पडलेली असायची आणि कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून ते कपाटावर हात मारत बसायचे, एक हात, दुसरा हात, असे आठ-दहा हात. त्या वासाची मला अजून आठवण आहे. पण कपाट वेगळं आणि आख्खी जमीन वेगळी, हे आम्हा चौघांपैकी आईलाच फक्त कळत होतं आणि तिला कुणी विचारलं नाही.

जुलैचे दोन वीकेंड कार्पेट काढण्यात गेले. कार्पेट सोपं असतं हो, कटरने पट्टे कापायचे, गुंडाळायचे, बाहेर टाकायचे. खरा जीव जातो तो स्टेपलच्या पिना काढण्यात. फोम पकडून ठेवायला बोटभर अंतरावर पिना मारलेल्या, अर्ध्या ओढताना तुटतात आणि तुटकी टोकं लाकडात राहतात, ती एकेक बारीक पकडीने उपटायची. मी सातशेपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या असतात, कार्पेट ताणून अडकवायच्या, त्या पटाशी घालून उचकटल्या. एकही पीन किंवा खिळा वर राहिला तर सँडरचा, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनचा, पेपर टर्रकन फाटतो, पेपर महाग असतो, आणि मशीन तासावर भाड्याचं. म्हणून बाबा रोज संध्याकाळी टॉर्च जमिनीला आडवी धरून फळ्यांवरून उजेड सोडत बसायचे, म्हणजे वर आलेल्या पिनेची सावली पडते. ही युक्ती त्यांची स्वतःची.

अजून एक, घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरातल्या वापरासाठी शिशाच्या रंगावर बंदी आली तीच १९७८ साली. आम्ही टेस्ट किट आणून बेसबोर्डवर (भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी) आणि फळ्यांच्या जुन्या वॉर्निशवर घासून पाहिलं, नशिबाने काही निघालं नाही. निघालं असतं तर हा लेख इथेच संपला असता आणि ३१०० डॉलर गेले असते. लहान मूल असेल घरात तर ही पायरी गाळू नका प्लीज.

फळ्या उघड्या पडल्यावर बघितलं तर सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड, एकमेकींत खाचेत बसवलेल्या. वॉर्निश पिवळं पडलेलं, मधून मधून उडालेलं. आणि काळे डाग. खिडकीपाशी हा मोठा, भारताच्या नकाशासारखा, तो कुत्र्याचा. आणि जिथे जिथे कार्पेटचे खिळे गंजले होते तिथे प्रत्येक भोकाभोवती काळं वर्तुळ, कुणी शाईचे ठिपके दिल्यासारखं. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, त्याला लोखंड आणि ओल मिळाली की काळं होतं. हे मी वाचून सांगायला गेले तर बाबा म्हणाले, "मग हिरडाच झाला की. हिरडा नि हिराकस, शाई तयार." बरोबर तेच. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कमावतात तेही याच टॅनिनसाठी. डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडची पूड गरम पाण्यात विरघळवून लावायची असते, हातमोजे घालून, मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यायचं आणि वाळल्यावर त्या जागेची धूळ उडू द्यायची नाही, नाकात गेली तर आग होते. खिळ्यांचे ठिपके जवळजवळ गेले. कुत्र्याचा नकाशा फिका झाला पण गेला नाही, त्यातला दक्षिण भारत अजून आहे. तिथे सोफा ठेवलाय.

३ ऑगस्टला, शनिवारी सकाळी, ड्रम सँडर भाड्याने आणला. शंभर पौंडाच्या वर वजन, दोघांनी मिळून जिना चढवला. आत एक रूळ असतो त्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा, मशीन सुरू करायचं, आणि चालायला लागल्यावर मगच रूळ जमिनीला टेकवायचा. टेकवून उभं राहायचं नाही. एक सेकंद जरी जागेवर थांबलात तर खळगी पडते. हे दुकानातल्या माणसाने सांगितलं, मी सांगितलं, व्हिडिओत तिघांनी सांगितलं, आणि नवऱ्याने पहिल्याच फेरीत भिंतीपाशी पोचल्यावर मागे वळून माझ्याकडे बघितलं, अंगठा दाखवायला. झाली खळगी. ताटाएवढी. हाताला लागते, डोळ्याला संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसते. आमच्याकडे पाहुणे दुपारी येतात, त्यामुळे चालून जातं.

पेपर आधी ३६ नंबरचा, सगळ्यांत खरबरीत, तो जुनं वॉर्निश खरवडतो. मग ६०, मग १००. उत्साहात ६० चा गाळून थेट शंभरवर जायचा मोह होतो कारण ३६ नंतरच लाकूड गोरंगोमटं दिसायला लागतं आणि वाटतं झालंच की. पण ३६ ने पडलेले ओरखडे शंभरच्या पेपरला झेपत नाहीत, तसेच राहतात, तुम्हाला तेव्हा दिसत नाहीत, आणि रंग लावला की रंग नेमका जाऊन त्यांच्यात बसतो. तसंच उलटंही, फार बारीक घासलं, दीडशे-दोनशेच्या पेपरने गुळगुळीत काचेसारखं केलं, तर रंग आत शिरतच नाही, फिका पडतो. स्टेन म्हणजे काय, तर तेलात कालवलेली रंगाची बारीक पूड, तिला बसायला लाकडात खरबरीतपणा आणि छिद्रं लागतात. म्हणजे रंग डब्यात कमी आणि पॉलिशपेपरात जास्त, हे मला कुणी आधी असं सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

याचा फटका बसला कडांना. ड्रम सँडर भिंतीपर्यंत पोचत नाही, कडेचे पाच-सहा इंच एजर नावाच्या हातातल्या मशीनने करायचे, गोल चकती गरगर फिरते आणि कंबर मोडते. आम्ही दमलो होतो, रात्रीचे दहा वाजले होते, मशीन सकाळी परत द्यायचं होतं, म्हणून कडा ६० वर थांबवल्या आणि मध्यभाग १०० वर. तेव्हा काही फरक दिसला नाही. पण बेडरूमच्या एका कोपऱ्यात टर्पेंटाईन पुसून बघितलं (स्टेननंतर कसं दिसेल त्याचा अंदाज येतो, वाळून जातं, डाग राहत नाही) तर खोलीला गडद चौकट आल्यासारखी, पातळाच्या काठासारखी. मग रविवारी दिवसभर छोट्या हातातल्या सँडरने चारही कडा १०० ने घासल्या. मी, नवरा आणि बाबा आळीपाळीने. भुसा असा की नाकातून, कानातून, डाळीच्या फोडणीतून भुसा. आई फक्त एवढंच म्हणाली की प्लास्टिक स्वयंपाकघराच्या दाराला आधी लावायला हवं होतं. आणि सँडरची भुशाची पिशवी भरली की लगेच घराबाहेर रिकामी करायची, रात्रभर मशीनला तशीच ठेवायची नाही, जुन्या वॉर्निशचा तो बारीक भुसा आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो.

आता रंग. चार छोटे डबे आणले मिनवॅक्सचे, अर्ली अमेरिकन, प्रोव्हिन्शियल, स्पेशल वॉलनट आणि जेकोबियन. नवऱ्याला राखाडी हवा होता, हल्ली सगळ्यांच्या घरी असतो तसा. पण रेड ओकच्या अंगात गुलाबी असतं, त्यावर राखाडी टाकला की जांभळट झाक मारते, आमच्या ओळखीत एकांकडे बघितलंय, दिवसा ठीक, रात्री दिव्यात वांग्याच्या भरतासारखं. राखाडी रद्द. डब्यावरचं किंवा दुकानातल्या तुकड्यावरचं चित्र बघून रंग ठरवू नका, तो तुकडा बहुतेक वेळा पाइनचा किंवा दुसऱ्याच कशाचा असतो, तुमच्या फळ्यांवर, तुमच्या खिडकीच्या उजेडात, सँडिंग झाल्यावर हातभर चौकोन करून बघा. आम्ही क्लॉझेटपाशी चार चौकोन केले, सकाळी बघितले, दुपारी बघितले, दिवे लावून बघितले. इंग्रजी नावं आईच्या लक्षात राहीनात म्हणून तिने आपली नावं दिली. अर्ली अमेरिकन म्हणजे खारीक. प्रोव्हिन्शियल म्हणजे चिंच. स्पेशल वॉलनट खजूर, आणि जेकोबियन जळका गूळ. "जळका गूळ नको, घरात अंधार होईल आणि पिठाचा कण पडला तरी दिसेल," हे तिचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की त्यावर चर्चा झाली नाही. चिंच ठरली.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर बेडरूमपासून सुरुवात केली. ही लहान खोली आहे, चुकलं तर चुकलं. जुना पंचा फाडून चिंध्या केल्या, डबा तळापासून ढवळला (हलवायचा नाही, बुडबुडे होतात), लांबच्या कोपऱ्यातून फळीच्या दिशेने रंग चोळत यायचं, मी चोळणार, नवरा दहा मिनिटांनी मागून कोरड्या चिंधीने पुसणार. पुसणं फार महत्त्वाचं, वर थर राहिला तर तो चिकट राहतो आणि त्यावरचं पॉलियुरेथेन, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, नंतर पापुद्र्यासारखं सुटतं. लाकडावर रंग चढताना बघणं हे मात्र सुख आहे, फिक्या फळीतून एकदम रेषा उमटतात, डोंगराच्या नकाशासारख्या, प्रत्येक फळीचं वेगळं. मी खुशीत खिडकीपासून मागे मागे सरकत येत होते आणि नवरा म्हणाला, "अगं, हे काय आहे?"

पाऊल होतं. उजवं. टाच, तळवा, पाच बोटं, सगळं स्पष्ट, आजूबाजूच्या रंगापेक्षा चांगलं दोन छटा गडद. मला वाटलं मीच पाय ठेवला रंगात. पुसलं, जाईना. अजून दोन फूट मागे आले तर डावं पाऊल. मग पुन्हा उजवं. खिडकीकडे चालत गेलेली पाच पावलं, गौरीची काढतो तशी, फक्त आठ नंबरची.

बाबा दारात उभे. त्यांनी आपल्या पायाकडे बघितलं. मग सगळं बाहेर आलं. रविवारी संध्याकाळी ते चालायला गेले होते आणि येताना पाऊस आला. बेडरूमच्या खिडक्या आम्ही धूळ जावी म्हणून सताड उघड्या ठेवलेल्या. बाबा घरात आले, आता कोऱ्या लाकडावर मळके पाय नकोत म्हणून बाथरूममध्ये जाऊन स्वच्छ पाय धुतले, आणि तसेच ओल्या पायांनी धावत जाऊन खिडक्या लावल्या. लाकूड अर्ध्या तासात वाळलं, डागबिग काही दिसला नाही. पण घासलेल्या लाकडाला पाणी लागलं की दबलेले तंतू फुगून उभे राहतात, छिद्रं उघडतात, आणि तिथे रंग जास्त शिरतो. म्हणजे ते चप्पल घालून चालले असते तर काही झालं नसतं. इतकी काळजी घेतली म्हणून झालं. मलाही नंतर कडेला दोन-तीन गोल गडद ठिपके सापडले, ते कशाचे हे कळायला वेळ लागला, माझ्या कपाळावरच्या घामाचे थेंब होते.

बाबांना फार लागलं ते. जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी आम्ही कामात असताना त्यांनी टर्पेंटाईन आणि पॉलिशपेपर घेऊन एक पाऊल घासून काढायचा प्रयत्न केला, ते गेलं, पण त्या जागी पांढुरका लंबगोल उठला, तो आता सगळ्यांत जास्त दिसतो. मशीन परत गेलेलं, पुन्हा सगळं घासायचं म्हणजे अजून एक वीकेंड आणि गणपती तोंडावर. नवरा म्हणाला राहू दे, वर पलंग येणारे. पलंगाखाली तीन जातात. बाकी दोन आहेत.

पण यातूनच हॉलचा मार्ग सापडला. मी वाचायला लागले तर कळलं की धंदेवाले लोक हेच मुद्दाम करतात, आख्खी जमीन ओल्या फडक्याने एकसारखी पुसतात, वाळू देतात, आणि मग रंग लावतात. सगळीकडे सारखंच पाणी लागलं की सगळीकडे सारखेच तंतू उठतात, सँडरच्या बारीकसारीक खुणा झाकल्या जातात आणि रंग एकसारखा, जरा गडद बसतो. जरा गडद, हे लक्षात ठेवा, कारण आमचे चारही चौकोन कोरड्या लाकडावरचे होते. ओल्या करून वाळवलेल्या फळीवर चिंच लावली तर ती सरळ खजुराच्याही पुढे गेली. पुन्हा चौकोन. शेवटी पाण्यावरची खारीक ही कोरड्यावरच्या चिंचेच्या अगदी जवळ आली, अगदी सेम नाही, खारीक थोडी तांबूस, पण बेडरूम आणि हॉलमध्ये पॅसेज आहे, कुणाला कळत नाही. अजून तरी कुणी बोललं नाहीये.

आणि इथे आई आली. बुधवारी आम्ही ठरवत होतो की एवढा मोठा हॉल, ओलं कसं करायचं, कुठून सुरू करायचं, नवरा कागदावर बाण काढत होता. आई म्हणाली, "हे तर सारवणं आहे." तिचं लहानपण सिन्नरजवळच्या खेड्यात गेलं, आजीबरोबर दर आठवड्याला ओसरी सारवलेली. तिने पदर खोचला आणि नियम सांगितले, लांबच्या भिंतीपासून सुरू करायचं, दाराकडे यायचं, आपण नेहमी कोरड्यावर. हात पूर्ण लांबीचा मारायचा, मधे तोडायचा नाही. आणि मुख्य म्हणजे कड वाळू द्यायची नाही, वाळलेल्या कडेवर ओला हात आला की पट्टा उठतो, तो मग काही केल्या जात नाही. स्टेनचा नियम तंतोतंत हाच आहे. चार-पाच फळ्या घ्यायच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पूर्ण न्यायच्या, मगच पुढच्या चार-पाच. मध्येच खोलीच्या अर्ध्यात थांबलात चहाला, तर तिथे आयुष्यभराची रेघ.

आईने दोन ओले पंचे पिळून घेतले आणि तासाभरात हॉल पुसून काढला, कुठे डबकं नाही, कुठे कोरडं नाही. वाळल्यावर हात फिरवला तर फळी गाईच्या जिभेसारखी खरखरीत. मला वाटलं बिघडलं, पण तसंच हवं असतं, त्यावर आता पेपर मारायचा नाही. त्यानंतर रंग लावेपर्यंत हॉलमध्ये कुणीही यायचं नाही, दाराला खुर्ची आडवी लावली होती, बाबांनी तिला स्वतः दोरी बांधली.

गुरुवारी आम्ही दोघांनी सुट्टी घेतली. डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू कारण ऑगस्टमधली इकडची हवा दमट असते, रंग वाळत नाही लवकर. मी आणि आई चोळायला, नवरा पुसायला, बाबा चिंध्या पुरवायला. फोन बंद. तीन तास. गुडघ्याला बांधायची गादी आणायला विसरलो होतो म्हणून उश्या बांधल्या ओढणीने. कुणी बोलत नव्हतं, मधूनच आई "कड, कड" एवढंच म्हणायची.

चिंध्यांचं सांगायचं राहिलं, आणि हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. स्टेनचं तेल वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा करून पिशवीत किंवा कचऱ्याच्या डब्यात कोंबला तर ती उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि काडी न लावता तो बोळा पेटतो. ही दंतकथा नाही. आमच्यापासून तास-दीड तासावर फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती, २३ फेब्रुवारी १९९१ ला तिच्या २२ व्या मजल्यावर आग लागली, लाकडी पॅनेलचं काम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच टाकून दिल्या होत्या म्हणून. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले त्यात. इमारत नंतर पाडली. तर प्रत्येक चिंधी उलगडून, एकेक सुटी, बाहेर कुंपणावर वाळत घालायची, कडक झाली की मग टाकायची. नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून. आमच्या कुंपणावर दोन दिवस चिंचेच्या रंगाचे पंचे आणि बाबांचे बनियन फडफडत होते, शेजारच्या आजोबांनी विचारलं, कुठला सण आहे का.

शनिवार, रविवार, सोमवार पॉलियुरेथेनचे तीन हात, ऑइलवालं, सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं. वॉटरबेस्डचा वास कमी, ते तासा-दोन तासांत वाळतं आणि पिवळं पडत नाही, पण आम्हाला ती पिवळसर ऊब हवी होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा स्वस्त मिळालं. वास मात्र डोकं उठवणारा. तळघरातला गॅसचा वॉटर हीटर आणि स्टोव्ह बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि आई-बाबांना घेऊन आम्ही मैत्रिणीकडे राहायला गेलो, रोज फक्त एक हात मारायला घरी यायचो. हातांच्या मध्ये बारीक पेपरने हलकंसं घासून धूळ पुसायची, नाहीतर वरचा थर खालच्याला धरत नाही. तिसऱ्या हाताच्या वेळी एक डास येऊन बसला हॉलच्या बरोब्बर मधोमध. काढायला गेले तर बोटाचा ठसा पडेल म्हणून तसाच ठेवला. आहे अजून, पंख पसरून.

बाबा रोज विचारायचे, वाळलं का, चालू का. चोवीस तासांनी मोज्यांवर चालायचं, सामान तीन-चार दिवसांनी, तेही उचलून, ओढत नाही, पायांना फेल्टचे तुकडे लावून. आणि गालिचा, सतरंजी काही महिनाभर टाकायचं नाही, आतपर्यंत घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे गणपतीला सतरंजी नाही. सगळा खर्च साडेनऊशे डॉलर झाला, त्यात नवऱ्याच्या कंबरेचे फिजिओथेरपीचे धरलेले नाहीत.

गणपतीला तीसेक माणसं होती. सगळे मोज्यांवर, आरतीला उभे राहिले की घसरत होते, "सुखकर्ता"च्या दुसऱ्या कडव्याला एक काका झांजांसकट दोन फूट पुढे गेले. मी पूर्ण वेळ पळीतलं पाणी कुठे पडतंय ते बघत हातात कोरडं फडकं घेऊन उभी होते, नमस्कारही तसाच केला. जेवणं झाल्यावर एकीने खाली वाकून फळीवर हात फिरवला आणि विचारलं, कसला सुंदर रंग आहे गं, कोणता स्टेन वापरलास, आम्हालाही करायचंय.

मी नाव सांगणार एवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पाण्यावरची खारीक."